मैदी

मैदीचा जन्म मैद्याच्या कोठीतला,
घोडपदेवच्या बेकरीत,
पन्नास किलोच्या दोन गोण्यांमधल्या फटीत.
उंदरांचं खातं तिच्याकडे, भट्टीचं माझ्याकडे.
पाळी दोघांची रात्रीची,
पगार फक्त मला.

लाकडाची भट्टी बंद झाली त्या दिवशी
खोदादादशेठनं हिशेब चुकता केला,
चष्मा पुसला, परत पुसला.
म्हणाला, "विश्राम, मांजर पण तूच ने.
इकडे आता तिला काय काम?"
पावाच्या करंडीत बसवली,
वर ओलं फडकं टाकलं,
आणि काळाचौकीपर्यंत चालत आणली.

तेव्हापासून तीनला उठते.
तीन म्हणजे तीन.
आधी कपाटावरून उडी,
मग पिंपाचं झाकण,
मग माझ्या पोटावर उभी राहून
मुकादमासारखी हजेरी घेते.
शेजारच्या धुरींनी दोनदा भिंत ठोकली.
तिसऱ्यांदा ठोकली नाही, नुसते खोकले.
ते जास्त लागलं.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात
एक पोरगेलीशी डॉक्टरीण.
"काका, दिवसा फार झोपू देऊ नका.
रात्री दहाला खेळवा, चांगली दमवा.
मग जेवण. मग दिवा बंद.
ओरडली तरी उठायचं नाही.
एकदा उठलात की पंधरा दिवस वाया."
मी लग्नाची ऑर्डर घ्यावी तसं
सगळं कागदावर उतरवून घेतलं.

दहाला खारीच्या पुड्याचा दोरा काढायचा,
टोकाला बाटलीचं बूच,
तो फरफटवत मी पलंगाखालून मोरीपर्यंत,
मोरीपासून दारापर्यंत.
साठ पार केलेला माणूस.
दमायची ती, दमायचो मी.
मग बांगड्याचं डोकं, उकडलेलं, काटे काढून.
मग अंधार.

तीनला ओरडली.
मी पडून राहिलो, गोणीसारखा.
तिनं पंजानं माझी पापणी उचलून पाहिली
आत कोणी आहे का.
चौथ्या रात्री तेच, सातव्या रात्री तेच.

नवव्या रात्री शालन मुद्दाम जागी राहिली.
सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली,
"मांजर झोपली होती हो.
पोट वर करून, चांगली गाढ.
पावणेतीनला तुमचे हात सुरू झाले.
गोधडी मळत होता.
मुठीनं दाबायची, दुमडायची, वळवून परत दाबायची,
मध्येच एक थाप.
गोधडीखाली एवढं हललं
तर तिला उंदीर वाटणार नाही तर काय?
ती नाही उठवत तुम्हाला."
गाळणीतला चोथा तिनं कुंडीत झटकला.
पुढचं बोलली नाही.

मी हात बघितले.
नखांतला मैदा केव्हाच गेलेला.
मनगटावर भट्टीचे जुने डाग,
तिथं केस उगवत नाहीत.
एकतीस वर्षं, आणि हातांना
कोणी सांगितलंच नव्हतं.

आता दहाला दोरा आहेच.
त्यानंतर शालन परातीत मैदा घेते, दोन ओंजळी,
चिमूटभर यीस्ट, कोमट पाणी,
आणि परात माझ्यापुढे सरकवते,
जसं तिला बांगड्याचं डोकं.
मी मळतो.
मैदी ओट्यावर बसून बघते,
बघता बघता तिचेही पंजे
उघडतात, मिटतात, उघडतात.
गोळा झाला की वर ओलं फडकं.
बेकरीत आम्ही म्हणायचो, निजू दे त्याला,
पीठ झोपेतच वाढतं,
कच्ची झोप मोडली तर पाव बसका होतो.
नवीन पोऱ्यांना हे आधी शिकवायचो,
चटके नंतर.

काल तीनला मला जाग आली.
पोटावर कोणी नाही.
हात छातीवर, गप्प.
उठायचं नाही, असं कागदावर लिहिलेलं आहे,
माझ्याच अक्षरात.
म्हणून मान तेवढी वळवली.
खिडकीतून येणाऱ्या बाहेरच्या दिव्यात
फडकं जरा वर आलेलं,
आणि परातीला टेकून तिची पाठ.
दोन्हींतलं कोण फुगतंय
ते इतक्या लांबून कळेना.
भिंतीपलीकडे धुरी घोरत होते.
त्यांना दोन पाव द्यायचे, सकाळी,
गरम असतानाच.